ऋतुजाचं नको

महामाया सोनकांबळे यांना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शाळेच्या फाटकातून स्कूटी आत यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. पोरांना हाका, खिचडी शिजवणाऱ्या मावशींची चौकशी, गुरुजींना नमस्कार, सगळं एकाच दमात. त्या विशेष शिक्षिका. ज्या मुलांना ऐकू येत नाही, दिसत नाही, चालता-बोलता येत नाही, ती गावच्याच शाळेत चारचौघांबरोबर शिकावीत म्हणून देगलूर तालुक्यातल्या बावीस शाळा त्यांच्याकडे सोपवलेल्या. नोकरी कंत्राटी. दरवर्षी नवा आदेश निघायचा, तो कधी जूनमध्ये हातात पडायचा, कधी ऑगस्टमध्ये. असे आदेश घेता घेता चौदा वर्षं झाली होती.

मंगळवारी त्या शेवाळवाडीला जात. गाव कर्नाटकाच्या हद्दीला इतकं चिकटून की निम्मी घरं कन्नड बोलणारी. तिथे पहिलीच्या वर्गात ऋतुजा होती. सात वर्षांची. जन्मताना श्वास घ्यायला उशीर झाला, त्यात मेंदूला मार बसला. हातपाय ताठ, चाल कुणाच्या तरी आधाराने, आणि बोलणं अजिबात नाही. तिला समजत मात्र सगळं होतं. घरी आजी कन्नडमधून हाक मारायची, शाळेत गुरुजी मराठीतून. दोन्हीकडे मान बरोबर वळायची. काही हवं असलं की ती रडायची आणि काही नको असलं तरीही रडायची. कोणतं रडणं कशाचं, ते ओळखायचं काम आई मनिषाचं. मनिषा शेतात गेली की ओळखणारं कुणी उरत नसे.

महामायाबाईंनी लातूरला एक प्रशिक्षण घेतलं होतं. वाचा-उपचार करणाऱ्या तनुजा मॅडमनी तिथे चित्रकार्डांनी बोलायची रीत शिकवली होती. मुलाने कार्ड उचलून समोरच्याच्या हातात द्यायचं आणि समोरच्याने ती वस्तू लगेच द्यायची. एवढाच व्यवहार, पण तो पुन्हा पुन्हा. सोबत मिळालेल्या छापील संचात अननस होता, सोफा होता, आइस्क्रीमचा कोन होता. ऋतुजाच्या घरात यांपैकी काहीच नव्हतं. बाईंनी मग मोबाइलवर फोटो काढले. शाळेचा हापसा, खिचडीची थाळी, शेंगदाण्याचा लाडू, संडासाचं निळं दार, आजीचा चेहरा, दारातली कालवड. देगलुरात झेरॉक्सच्या दुकानात ते लॅमिनेट केले, शिंप्याच्या सामानाच्या दुकानातून वेल्क्रोची चिकटपट्टी आणली आणि एका जाड फायलीत ओळीने लावले.

पहिला लाडू मागायला सात आठवडे लागले. बाई समोर लाडू धरून बसायच्या, ऋतुजाच्या मागे आदिनाथ गुरुजी, तिचे वर्गशिक्षक. तिचा हात थरथरत लाडवाकडे गेला की गुरुजी तो अलगद कार्डाकडे वळवायचे. अवघड होतं ते बाईंचंच. त्यांना राहवायचं नाही. "काय पाहिजे? लाडू पाहिजे का? बोल बरं!" तनुजा मॅडम फोनवर सांगून सांगून थकल्या. "विचारलं की थांबा. मनात दहापर्यंत मोजा. तुम्ही तिची जागा भरून टाकता."

आठव्या मंगळवारी बाईंनी ओठ घट्ट मिटून मोजायला सुरुवात केली. सात झाले, आठ झाले. नवावर ऋतुजाने स्वतः कार्ड ओढून काढलं, अर्ध्यात पाडलं, पुन्हा उचललं आणि बाईंच्या तळहातावर आपटलं. सगळा वर्ग ओरडला. बाईंनी अख्खा लाडू दिला आणि पदरानं डोळे पुसले.

दिवाळीनंतर तनुजा मॅडमनी विचारलं, "मागायला शिकवलंत. नाकारायला कधी शिकवणार?"

"नाकारते की. रडून."

"मग रडण्यावाचून दुसरी काही सोय करून द्या तिला."

बाईंनी वर्गातल्या शिवमचा आडवा धरलेला पंजा फोटोत घेतला आणि त्यावर लाल रेघ मारली. हे 'नको'चं कार्ड. ऋतुजाने ते तीन दिवसांत आत्मसात केलं. लाडवाला सात आठवडे लावणारी पोर 'नको'ची जणू वाटच पाहत होती.

पुढच्या मंगळवारी आजी गौरम्मा शाळेत आल्या. आल्या त्या तणतणतच.

"म्याडम, आमची पोर लई गरीब होती. आता काय बी द्या, ते कार्ड पुढं करून राहिली. आंघोळीला ब्याड, भाताला ब्याड, पाव्हण्यानं मांडीवर घेतलं तर त्याच्या तोंडापुढं ब्याड! चारचौघांत मान खाली गेली माझी."

कन्नडमधल्या 'नको'ला तिकडे ब्याड म्हणतात. बाईंना हसू आलं. "अव्वा, फोटो बघून तुम्हाला ब्याड कळलं, गुरुजींना नको कळलं. एकाच कार्डात दोन भाषा झाल्या की."

"ते खरं हाय. पण चित्रानंच भागलं तर ती तोंड कशाला उघडंल?"

ही भीती बाईंनी चौदा वर्षांत कितीतरी घरांत ऐकली होती. "न्हाई अव्वा. आपलं म्हणणं पोचतंय हे कळलं की लेकरं उलट आवाज काढायला धडपडतात. बोलंलच अशी खात्री मी देत न्हाई. पण कार्डामुळं बोलणं अडणार न्हाई, एवढं सांगते."

गौरम्मांचं समाधान झालं नाही. तरी जाताना त्यांनी फायलीतला स्वतःचा फोटो बोटाने पुसला आणि विचारलं, "हे दावून मला बोलावती व्हय?"

जानेवारीत ऋतुजाचे कॅलिपर आले. पायाला टाचेपासून गुडघ्याखालपर्यंत आधार देणारा, पट्ट्यांनी आवळायचा तो साचा. त्यासाठी बाईंनी दोन वर्षं कागद फिरवले होते, पोरीला मनिषासकट शिबिराला नेऊन आदल्या उन्हाळ्यात मापं दिली होती. हातात पडल्यावर त्यांना कोण आनंद! कॅलिपर चढवून त्यांनी ऋतुजाला भिंतीला धरून उभं केलं, फोटो काढला, आणि मनिषाला बजावलं, "सुरुवातीला टोचंल, थोडं लाल होईल. घाबरून काढायचं न्हाई. सवय लागली की काय बी न्हाई. रोज चार तास."

मनिषाने मान हलवली. ती फारशी बोलणारी बाई नव्हतीच.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी बाई वर्गात कॅलिपर चढवायला बसल्या. ऋतुजाने 'नको' त्यांच्या हातात ठेवलं.

"हे नको चालत न्हाई बाळा. हे औषध हाय." बाईंनी कार्ड परत फायलीत लावलं.

ऋतुजाने पुन्हा काढलं, पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा बाईंचा आवाज चढला. त्या दिवशी अजून दोन शाळा व्हायच्या होत्या. चौथ्यांदा तिचा हात फायलीकडे निघाला तेव्हा त्यांनी फाईलच उचलली आणि कपाटावर ठेवली. मग पट्टे आवळले.

ऋतुजा रडली नाही. तिने कपाटाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि खाली पाहत बसून राहिली.

आदिनाथ गुरुजी फळ्याशी होते. ते एवढंच म्हणाले, "म्याडम, फाईल वर राहिली."

"देते की, जाताना," बाई म्हणाल्या. आणि जाताना विसरल्या.

दुसऱ्या शाळेत एका बहिऱ्या मुलीचं कानातलं यंत्र तपासताना त्यांना ते आठवलं. हात थांबले. लहानपणापासून आपल्याला बोलू नको म्हणणारे कमी नव्हते. वर्गात, पाणवठ्यावर, मुलाखतीतसुद्धा. त्या सगळ्यांना पुरून उरण्याइतकं आपण बोलत आलो. आणि आज एका लेकराचं तोंड उचलून कपाटावर ठेवलं, ते सुद्धा तिच्या भल्यासाठी, असं म्हणत. तिसरी शाळा त्यांनी सोडून दिली आणि स्कूटी उलटी वळवली.

शेवाळवाडीत पोचल्या तेव्हा शाळा सुटून गेली होती. गुरुजींनी फाईल ऋतुजाच्या दप्तरात घालून दिली होती. बाई घरी गेल्या. ओसरीत ऋतुजा बसली होती, कॅलिपर अजून पायात. त्यांनी पट्टे सोडले, मोजा उतरवला. डाव्या घोट्याच्या हाडावर कातडी निघाली होती, रुपयाएवढी, आणि कडा पांढुरक्या झाल्या होत्या.

मनिषा नुकतीच तुरीच्या काट्या घेऊन आली होती. ती दारातच उभी राहिली.

"हे कवापासून हाय?" बाईंनी विचारलं.

"दोन आठवडे झाले असतील."

"आणि तुम्ही घालतच राहिलात?"

मनिषाने भारा खाली ठेवला. बाईंच्या जिभेवर चार प्रश्न येऊन थांबले होते. त्यांनी ते गिळले आणि मोजायला लागल्या.

"तुम्हीच म्हणल्ता, लाल होतंय म्हणून," मनिषा म्हणाली. "काढायचं न्हाई म्हणल्ता. मी सांगणार होते म्याडम. दोनदा शाळेत आलते. तुम्ही बोलत होत्या. मला वाटलं, शिकलेल्या बाईला काय सांगावं."

बाईंना ते दोन्ही मंगळवार आठवले. मनिषा खरंच दाराशी येऊन उभी राहिली होती. आपण तिला आधी पोरीच्या खाण्याचं सांगितलं, मग व्यायामाचं, मग बँकेच्या पासबुकाचं, आणि "बरंय, येते" म्हणून निघालो. न बोलणाऱ्या लेकराला बोलतं करायला आपण येतो आणि जिला बोलता येतं तिला गप्प करून जातो.

"माझं चुकलं मनिषाताई," त्या म्हणाल्या. मग ऋतुजापुढे खाली बसून त्यांनी फाईल तिच्या मांडीवर उघडली. "तुझंच खरं होतं. तू चारदा सांगितलंस. मी ऐकलं न्हाई."

ऋतुजाने त्यांच्याकडे पाहिलं, पान उलटलं, हापशाचं कार्ड काढून बाईंच्या हातात दिलं. तिला तहान लागली होती. बाई उठून पाणी आणायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मायलेकींना देगलूरच्या दवाखान्यात नेलं. पुढचे पंधरा-वीस दिवस ड्रेसिंग चाललं. जखमेचं कारण साधं होतं. पाय उन्हाळ्यात मोजला, साचा थंडीत आला, मधल्या आठ महिन्यांत पोर वाढली. घोट्याचं हाड साच्याच्या खोलगटातून वर सरकलं होतं. जखम भरल्यावर तनुजा मॅडमनी लातुरात एका कारागिराकडे नेलं. त्याने साचा तापवून घोट्यापाशी फुगवला, आत मऊ अस्तर लावलं. माप घेताना तो मनिषाला विचारत होता, कुठे टोचतं, किती वेळ, डावीकडे जास्त की उजवीकडे. पहिल्या प्रश्नाला मनिषाने सवयीने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग मनिषाच बोलायला लागली आणि दहा मिनिटं बोलली.

कॅलिपर पुन्हा सुरू केला तेव्हा ऋतुजाचं 'नको' पुन्हा आलंच. या खेपेला बाईंनी पट्टे सोडून दिले, मोजा काढून घोटा पाहिला, मनिषाला दाखवला. कातडी स्वच्छ होती. मग त्यांनी दोन नवी कार्डं केली, एक 'आत्ता' आणि एक 'जेवण झाल्यावर', आणि ऋतुजापुढे धरली. तिने 'जेवण झाल्यावर' निवडलं. खिचडी संपल्यावर तिने स्वतःच पाय पुढे केला. अर्धा तास घातला, मग पाऊण तास. चार तासांवर ती कधीच आली नाही. दोनवर थांबली. बाईंनी अहवालात दोनच लिहिले.

काम करायची त्यांची पद्धत त्यानंतर बदलली, असं गुरुजी सांगतात. कुठल्याही शाळेत गेल्या की आता त्या आधी मुलाच्या आईला गाठतात, "लेकरू कसं हाय?" विचारतात आणि गप्प बसतात. हे त्यांना जड जातं, ते चेहऱ्यावर दिसतं. पायाचा अंगठा हलत असतो. पण आया बोलतात. एकीने सांगितलं की तिचा पोरगा शाळेत पाणीच पीत नाही, कारण संडासाला नेणारं कुणी नसतं. हे त्या शाळेत तीन वर्षं कुणाला माहीत नव्हतं.

ऋतुजा आता दुसरीत आहे. फायलीत साठेक कार्डं झाली आहेत. दोन-दोन जोडून देते. 'अव्वा' आणि 'कालवड' असं एकदा दिलं, म्हणजे आजीने कालवड सोडली. शब्द अजून नाही. 'आ' आणि 'म'सारखे आवाज मात्र काढते, विशेषतः कार्ड देऊनही समोरच्याने लक्ष दिलं नाही तर. गौरम्मा त्या 'म'मध्ये 'अम्मा' ऐकतात. बाई त्यांना हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

मागच्या मंगळवारी बाई गेल्या तेव्हा पोरी व्हरांड्यात सागरगोटे खेळत होत्या. ऋतुजा भिंतीला टेकून त्यांच्यात बसली होती. तिचा डाव शिवमची बहीण टाकत होती आणि गोटे मोजायचं काम ऋतुजाचं होतं. बाईंनी आत चलण्याची खूण केली. ऋतुजाने फाईल उघडली, सावकाश दोन कार्डं काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. एक बाईंचा स्वतःचा फोटो. दुसरं 'नको'चं.

पोरी खिदळल्या. बाईंच्या क्षणभर मनाला लागलं. बावीस शाळांमधून वेळ काढून यायचं आणि हे. मग त्यांनी दोन्ही कार्डं तिला परत दिली, "बरं," म्हणाल्या आणि गुरुजींच्या टेबलाशी येऊन नोंदवही उघडली. 'आजचे सत्र झाले नाही' असं लिहून कारणाच्या रकान्यापाशी त्या थोड्या थांबल्या. मग लिहिलं, 'विद्यार्थिनीची इच्छा नव्हती.'

"वरचे साहेब विचारतील म्याडम," गुरुजी म्हणाले.

"विचारू द्या. सांगू की," म्हणत त्यांनी सही केली आणि पुढच्या शाळेला निघाल्या.