शिफ्टचे शेवटचे फोटो

"मॅडम, अप्रूव्ह करून टाका. उद्या प्लांटला चढवायचंय," मॅनेजर फोनवर म्हणाले. स्क्रीनवर शेजारच्या टेबलावरच्या सागरचा कोड होता. कोड रिव्ह्यू म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम कामाला लागण्याआधी वाचून त्यातल्या चुका काढणं. बावीस वर्षं करतेय. त्याबद्दल कुणी कधी पेढे दिलेले नाहीत.

महाळुंग्याच्या एका कारखान्यात बेल्टवरून येणाऱ्या प्रत्येक पार्टचा कॅमेरा फोटो काढतो. आमचा प्रोग्राम तो दाबून लहान करतो आणि डिस्कवर लिहितो. दर फोटोला डिस्ककडे धाव, म्हणून बेल्ट अडायचा. सागरने युक्ती केली. आठ फोटो मेमरीत जमू द्यायचे, मग एकदम लिहायचे. वेग दुप्पट झाला. काम खरंच सुरेख होतं.

पण मला तिथले पार्ट तपासणारे इन्स्पेक्टर सलीमभाई आठवले. शिफ्ट सुटली की ते भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढतात. वीज गेली की मेमरीतलं सगळं जातं, म्हणजे शेवटचे पाच-सात फोटो गायब. पार्टबद्दल तक्रार आली, तर आपण चांगलाच माल सोडला हे दाखवायला सलीमभाईंकडे फोटोशिवाय काही नसतं.

मी तसं रिव्ह्यूत लिहिलं. सागर खुर्ची फिरवून म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटर असा कोण बंद करतं?"

मी सलीमभाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"आमी तसाच करतो," ते म्हणाले. "एकदा पॅनल जळालं, तवापासून सायबांचीच ऑर्डर हाय."

सागरने खुर्ची परत स्क्रीनकडे वळवली. दोन सेकंद नवा पार्ट आला नाही, तर जमलेलं लिहून टाकायचं, एवढी भर त्याने घातली. मी अप्रूव्ह केलं.

मजल्यावर आम्ही दोघंच येतो, बाकीचे घरून काम करतात. त्या दिवसापासून सागर डबा जागेवरच खातो, कानात हेडफोन घालून. माझ्या हातची मेथी त्याला आवडायची. एकटीने जेवताना वाईट वाटतं, लपवू कशाला.

दोन महिन्यांनी सलीमभाईंचा फोन आला. शिफ्टच्या शेवटच्या पार्टला तडा निघाला म्हणून त्यांच्या नावाचा मेमो तयार होता. "फोटो सापडला मॅडम. पार्ट साफ हाय त्यात. सायबांनी मेमो फाडला."

मी सागरला सांगायला उठले. त्याच्या कानात हेडफोन होते. परत येऊन बसले.

एवढं शिकले, की कुणाच्या कोडमधली चूक दाखवायची असेल, तर आधी दोघांनी जेवून घ्यावं.