मनुक्याचा वास मला आलाच नाही

दोस्तांनो, आज दुपारी मुखेडच्या माझ्या मित्रानं, दत्तानं, अमेरिकेहून आलेली बर्बन व्हिस्की उघडली. शेवटचे काही महिने वाईनच्या पिंपात मुरवलेली! रिवाजाप्रमाणं बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले अन् पहिला ग्लास मला दिला. ग्रुपमधला पारखी मीच ना.

नाकाशी धरला. काहीच नाही. घोट घेतला, तर नुसतं गोड अन् जाळ. महिन्याखाली ताप आला, तवापासून असंच हाय.

"मनुक्याचा वास येऊन राहिला ना?" दत्तानं विचारलं.

"हाव, लई!" मी खोटं बोललो.

घरी आलो. दूध करपलं म्हणून आई अंगणातून ओरडत आली. मी गॅसपाशीच उभा होतो.

व्हिस्कीचं सोडा. गेलेला वास परत आलेलं कोणी हाय का इथं? खोटा धीर नका देऊ.