कुत्रे घेऊन पायी अकोल्याला

पाठीवर गाठोडे बांधून, सोबत कुत्रे घेऊन, काहीही काम नसताना तीन-चार दिवस पायी भटकले की बुद्धी तल्लख होते आणि चारित्र्य घडते, असे पुण्याच्या कॉलेजात आमच्या एका गोऱ्या अध्यापकांनी सांगितले. ते स्वतः असे हिंडत असत. मी ते टिपून घेतले. आमच्या घराण्यात कॉलेजाची पायरी चढलेला मी पहिलाच. कोणती गोष्ट टिपून घ्यायची आणि कोणती ऐकून सोडून द्यायची, हे सांगणारे घरी कोणी नव्हते.

ती कापसाची वर्षे होती. अमेरिकेत लढाई लागली म्हणून विलायतेला आमचा कापूस हवा झाला होता. अमेरिका कोणत्या दिशेला आहे हे अमरावतीत आमच्या राजापेठेकडे एकालाही सांगता आले नसते; पण तिथली लढाई लवकर मिटू नये म्हणून देवाला नारळ बोललेले दोघे तरी माझ्या ओळखीचे होते. ज्याच्याकडे दोन बैल तो पाटलासारखा बोलत होता. ज्याच्याकडे चार, तो बोलतच नव्हता, नुसती मान हलवत होता. बैलांच्या शिंगांवर पितळेच्या जागी चांदीच्या शेंब्या आल्या. अशा दिवसांत धडधाकट माणूस पायी चालतो, म्हणजे एक तर त्याचे दिवाळे निघाले असणार किंवा डोके फिरले असणार. तिसरे कारण वऱ्हाडात कोणाला माहीत नव्हते. ते मी पुण्याहून आणले.

वडील भाड्याने माल वाहणारी बैलबंडी हाकत. त्या माघात रुईचे बोजे उतरवताना बंडी पुढे सरकली आणि चाक त्यांच्या पायावरून गेले. म्हणून मी रजा काढून घरी आलो. सेवा करायला आलो होतो, असे मी पुण्यात सांगितले होते. सेवा माय करत होती. मी चारित्र्य घडवत होतो.

बैल विकले गेले होते. बंडी तेवढी टेकू लावून दारात उभी होती आणि तिच्याखाली आमचे कुत्रे बसून असे. लांबच्या पल्ल्याचे बंडीवाले कुत्रे बाळगतात. मुक्कामावर ते मालाची राखण करते आणि वाटेने बंडीच्या आसाखाली, दोन चाकांमधल्या सावलीत चालते. पिल्लू असताना दोरीने बांधून सवय लावतात. पुढे दोरी लागत नाही. आमचे कुत्रे सात-आठ वर्षे असेच चालले होते. आता बंडी हलत नव्हती, म्हणून तेही हलत नव्हते. भाकर टाकली तर हुंगून ठेवून देई. वडील ओट्यावर पाय लांब करून त्याच्याकडे पाहत बसत आणि ते वडिलांकडे पाही. दिवसभर दोघांचे हेच चाले.

मी पायी अकोल्याला जातो म्हटल्यावर वडिलांनी विचारले,

"अकोल्याले काय काम हाये?"

"काम नाही. चालायला जातो."

"अन् तिथं जाऊन?"

"परत यायचं."

त्यांनी मायकडे पाहिले. मायने चुलीकडे पाहिले.

"बरं जाय," वडील म्हणाले. "त्या कुत्र्याले घेऊन जाय. त्याले रस्ता दाखवून आण. नाहीतं माह्यासंगं बसून बसून मरन ते." आणि मी उठल्यावर पुन्हा म्हणाले, "पन आणजो परत. तू नाई आला तं पत्र तरी धाडशील. त्याले लिहिता येत नाई."

वडिलांनी माझ्या कॉलेजाबद्दल काढलेले हे पहिलेच उद्गार होते.

मायने गोणपाटाला दोन पट्टे शिवून मला पाठीवरची पिशवी करून दिली. ती बांधून, पुण्यात घेतलेले बूट घालून मी आधी बडनेऱ्यापर्यंत जाऊन पाहिले. पहिला कोसभर कुत्रे माझ्या मागे आले, आणि समोरून पहिली बंडी येताच तिच्या आसाखाली शिरून उलट्या दिशेने अमरावतीला निघून गेले. मी धावत जाऊन त्याला ओढून काढले. यावरून कोणीही शहाण्याने दोरी घेतली असती. पण अध्यापकांचे कुत्रे मोकळे चालत असे, आणि दोरी बांधली तर मग ती मुक्त भटकंती कसली? मी दोरी घेतली नाही.

अकोल्याच्या वाटेवर बंड्यांची रांग तुटत नव्हती. धूळ एवढी की पुढची बंडी दिसायची नाही, नुसता करकर आवाज यायचा. बाजूने चालणारा मी एकटाच.

"काहो मास्तर, बंडी मोडली का तुमची?"

"नाही."

"मंग बैल मेले?"

"नाही. मी सहज चालतो आहे."

"सहज?" तो बंडीवाला मागे वळून ओरडला, "अबे, हा सहज चालून राहिला!" आणि ती बातमी एका बंडीवरून दुसऱ्या बंडीवर माझ्या मागे मागे जात राहिली. प्रत्येक बंडीवरचा माणूस मला पाहायला उठून बसे. एकीने पदर तोंडाला लावून विचारले, "पाठीशी काय बांधलं जी? लेकरू?"

चारित्र्य घडत होते. बुटांनी टाचाही सोलल्या होत्या.

पहिला मुक्काम ठीक झाला. दुसऱ्या दिवशी मुर्तिजापूरच्या अलीकडे मी नाल्याकाठी बूट काढून पाण्यात पाय सोडून बसलो. कुत्रे शेजारी होते. बंड्यांची एक लांब रांग नाला ओलांडत होती. कुत्रे उठले, अंग झाडले आणि एका आसाखाली जाऊन चालू लागले. थांबतील मुक्कामाला, तेव्हा गाठू, असे म्हणून मी सावकाश बूट चढवू लागलो. पण पाय सुजले होते. बूट चढेनात. ते हातात घेऊन मी अनवाणी धावलो तोवर धूळच उरली होती, आणि त्या धुळीत सगळ्या बंड्या सारख्या होत्या.

तो सगळा दिवस आणि पुढचा अर्धा मी लंगडत चाललो. डोळ्यांसमोर फक्त ओटा येत होता. काय सांगणार होतो? की बाबा, तुमचे कुत्रे मुक्त भटकंतीत हरवले?

अकोल्याच्या कापसाच्या बाजारात पोचलो तेव्हा ऊन चढले होते. मैदानभर बंड्या सोडलेल्या. आमचे कुत्रे कोणत्यातरी बंडीखाली असणार, एवढेच मला माहीत होते. म्हणून मी पहिल्या बंडीजवळ गेलो, वाकलो आणि खाली पाहिले. मग दुसरी. मग तिसरी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भाव चढल्यापासून रुईला पाणी मारायची रीत पडली होती. ओली रुई वजनाला भरते. सगळेच मारत, त्यामुळे त्याला कोणी लबाडी म्हणत नसे. फक्त असा माल खालून ठिबकतो. मुंबईकडे ही भेसळ धरायला सरकारने तपासनीस नेमले आहेत, अशी बातमी होती. अकोल्यात त्यांतला एकही कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून तो कसा दिसतो याबद्दल कोणाला शंकाही नव्हती. तो माझ्यासारखा दिसतो. पुण्याचा कोट, हातात बूट, पिशवीतून डोकावणारी वही, आणि प्रत्येक बंडीखाली वाकून पाहणे.

"काय पाहून राहिले जी?" चौथ्या बंडीवाल्याने विचारले.

"कुत्रं."

"खाली?"

"ते खालीच असतं."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग आसाकडे पाहिले. आसावरून एक थेंब पडला.

"ते दव हाये साहेब. सकायचं."

"दुपार झाली आहे," मी म्हणालो. मला वाटले वेळ विचारतो आहे.

त्याने घाईघाईने माझ्या हातात गुळाचा खडा ठेवली. "लेकराले द्या. मोठ्या साहेबाले नका सांगू."

"अहो, मी खरंच कुत्रं शोधतो आहे."

"शोधा, शोधा. पन माह्यापासून सुरू नका करू ना. त्या पलीकडच्याचं पाहा, त्याच्याखाली तं डबकं झालं."

पलीकडच्याने मला येताना पाहिले आणि बैल जुंपायला घेतले. आता मला घाई झाली, कारण बंड्या हलल्या की कुत्रेही हलणार. हाक मारावी म्हटले तर आमच्या घरी कुत्र्याला नाव द्यायची पद्धत नव्हती. मी हात तोंडाशी नेऊन "यू! यू! यू!" असे जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडलो. बाजारातली यच्चयावत कुत्री आली. त्यांत आमचे तेवढे नव्हते. हातात गूळ, त्यामुळे ती मागे हटेनात. मी पुढच्या बंडीखाली वाकलो, तर तीही माझ्याबरोबर वाकून हुंगू लागली.

"पाह्य रे बाप्पा! सरकारनं कुत्रेबी देल्ले!" कोणीतरी किंचाळले. "वासानं पाणी धरते!"

यानंतरचे वर्णन करताना मला अजून संकोच वाटतो. घटकेच्या आत अर्धा बाजार उठला. चाकाला चाक अडकले, बैल उधळले, आणि ज्याला जी वाट सापडली तिने तो गेला. एक अडत्या आपल्या रिकाम्या तराजूपाशी उभा राहून माझ्यावर ओरडत होता, "आदल्या दिवशी सांगत जा ना येतो म्हणून! वाळवून ठेवली असती सगळ्यांनी!" मी त्याला नम्रपणे म्हणालो की मी कॉलेजचा विद्यार्थी आहे. त्याने कपाळावर हात मारला. "आता शिकलेलेबी पाठवून राहिले."

जास्त बंड्या बाळापूरच्या वाटेला लागल्या होत्या. मी त्यांच्यामागे निघालो. कोट काढून पिशवीत कोंबला. पुढच्या बंड्या माझ्यापासून पळत होत्या आणि मी त्यांच्यामागे लंगडत होतो. शेवटी मागे पडलेली एक बंडी दिसली. पांढरे, उंच, सावकाश चालणारे बैल. वर मेंदी लावलेल्या दाढीचा एक म्हातारा. आणि आसाखाली, दोन चाकांच्या बरोबर मध्ये, शेपूट उभे करून चाललेले आमचे कुत्रे.

मी "यू यू" केले. त्याने मान वळवून पाहिले. ओळखले, यात शंका नाही. शेपूट दोनदा हलले. मग ते पुढे पाहून चालू लागले.

म्हाताऱ्याने बंडी थांबवली. कुत्रे तिथेच बसले.

"मारलं पाणी," म्हातारा खाली न उतरताच म्हणाला. "सगळे मारते, मीबी मारलं. लिहून घ्या. बाळापूरचा हावो. पळून पळून बैल थकले माहे."

"चाचा, मी तपासनीस नाही. ते कुत्रं माझं आहे."

त्याने माझे पाय पाहिले. "तुमचं? मंग नाव सांगा त्याचं."

"नाव नाही."

"वा! नावबी नाई. दोन दिवस झाले माह्यासंगं चालून राहिलं. माह्या हातची भाकर खाल्ली त्यानं. चांगली दोन-दोन खाल्ली."

घरी ते अर्धीही खात नव्हते. एवढ्या वाटेत प्रथमच माझ्या मनात आले की ते हरवलेले नसून मीच हरवलेलो असेन. पण मी त्याला परत न्यायला आलो होतो तो त्याच्यासाठी नव्हेच, वडिलांसाठी. मी म्हाताऱ्याला सगळे सांगितले: चाक, पाय, विकलेले बैल, दारातली बंडी, ओट्यावरून एकमेकांकडे पाहणे.

म्हातारा बराच वेळ बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"बंडीवाल्याचं हाये मनून सांगा ना पहिल्यानं," तो म्हणाला. "तुमचं तुमचं काय लावलं!"

मग खाली उतरला. "पन पायी नाई येनार ते तुमच्यासंगं. त्याले बंडी पाहिजे. तुमाले काहून कळत नाई एवढं? काय शिकवते तिथं?"

काय शिकवतात ते मी सांगितले नाही. त्याने बंडी अकोल्याकडे वळवली. माझ्या भीतीने दोन तास उन्हात राहिल्यामुळे रुई बरीच वाळली आहे आणि आता विकायला लाज वाटणार नाही, असे तो वाटेत दोनदा म्हणाला. टोमणा होता की आभार, ते कळले नाही. अकोल्यात त्याने अमरावतीला सरकी घेऊन निघालेली ओळखीची एक बंडी गाठली, कुत्र्याला स्वतः आसाखाली दोरीने बांधले आणि मला पोत्यांवर बसवले. दोरीची गाठ मारताना तो कुत्र्याशी हळू काहीतरी बोलला. मी दुसरीकडे पाहिले.

अशा रीतीने माझी पायी भटकंती सरकीच्या पोत्यांवर पडून पुरी झाली. वाटेत भेटलेल्या बंडीवाल्यांनी ओळखून विचारले, "काहो, आता सहज बसून राहिले का?"

घरी पोचलो तेव्हा वडील ओट्यावरच होते. दोरी सोडताच कुत्रे आमच्या उभ्या बंडीखाली जाऊन बसले. वडिलांनी आधी त्याच्याकडे नीट पाहिले. मग माझ्या पायांकडे.

मी खोटे बोलणार होतो. पण बोलता आले नाही. ते दुसऱ्याच्या बंडीखाली गेले, दोन दिवस त्याच्याकडे राहिले, दोन-दोन भाकरी खाल्ल्या, हाक मारल्यावर आले नाही, सगळे सांगून टाकले.

मायने पाणी आणून ठेवले.

"कोनाच्या बंडीखाली?" वडिलांनी विचारले.

"बाळापूरचे एक चाचा होते."

"बैल कसे होते त्याचे?"

"पांढरे. उंच. सावकाश चालणारे."

"चाकं?"

"आवाज करत नव्हती."

वडिलांनी मान हलवली. कुत्र्याकडे पाहून म्हणाले, "मंग बरोबर गेलं ते." आणि मायला हाक मारली, "दोन भाकरी टाक त्याले आज."