गळक्या नळाचा अंदाज

अंबरनाथ पूर्वेला आमच्या शेजारी राहणारे काका फौजेत असताना शत्रूच्या ठाण्यांचे विमानातून काढलेले फोटो वाचायचे. टीव्हीवर ‘शत्रू बळकावलेला मुलूख सोडणार’ अशी बातमी लागली, की चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, “रणगाडे कसले मोजतोस? बंकरची गळकी छपरं दुरुस्त करतायत का बघ. जाणारा माणूस डागडुजी करत नाही.” त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

परवा आमच्याकडे हात धुताना त्यांनी गळका नळ दोनदा फिरवून पाहिला.

“दुसरीकडे फ्लॅट बघितलात वाटतं, दोघांनी?”

आईला इथंच ठेवून जायचं बायकोनं आणि मी ठरवलं होतं, पण आईला सांगायचं धाडस होत नव्हतं.

“तुझ्या आईनं मागच्या महिन्यातच मला विचारलं, ही दोघं जाणार का म्हणून,” काका हात पुसत म्हणाले. “मी म्हटलं, नळावर लक्ष ठेवा.”