भोसरीची भरती

भोसरीत समुद्र आहे असं म्हटलं तर कोणीही हसेल. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना भेटलेला माणूस मात्र हसणार नाही. उभं आयुष्य लेथवर काढलेला हा कोकणी गृहस्थ घड्याळावर जगतच नाही. सकाळी कॅलेंडरावरची तिथी पाहायची आणि आपल्या गावच्या खाडीत आज पाणी कधी चढणार, कधी उतरणार ते मनाशी ठरवायचं. ओहोटीत ते दाढी करत नाहीत, नवं काम धरत नाहीत आणि भांडण आलंच तर भरतीपर्यंत पुढे ढकलतात. गावाहून येताना ते समुद्राच्या पाण्याचा कॅन आणतात. पाहुण्याला चहाआधी त्याचा वास घ्यावा लागतो. एकदा टपरीवर, कंपनीच्या बसगाड्यांच्या धुरात, मी ओव्हरटाइमचं काही विचारत होतो. त्यांनी हात वर केला. "वायच थांबा. भरती लागली." आणि इतक्या आदराने गप्प उभे राहिले की टपरीवाल्यानेही स्टोव्ह बारीक केला.

त्याच खाडीच्या तोंडाशी तेलाची जहाजं लावायची आणि तिथून घाटावर पाइपलाइन न्यायची असं ठरल्याची बातमी आली, तेव्हा शेजारी पहिल्यांदाच भर ओहोटीत भांडायला उठले. त्यांची आई त्या खडकांवर अजून कालवं फोडते. "त्याल सांडला की कालवां मेली," ते मला म्हणाले. "आवस भोसरीत येवची नाय, आणि थंय रिकामी बसान जगाची नाय."

आमचे घरमालक मूळचे इथलेच. तेलाचे टँकर नकोत, हा विरोध त्यांना पटेना. "टँकर नको म्हंजी? उन्हाळ्यात पानी कशातनं आनायचं मंग?" हा टँकर म्हणजे आपल्या अख्ख्या गल्लीपेक्षा लांब जहाज, हे कळल्यावर त्यांनी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि ते म्हणाले, "मंग मी बी येतो."

प्रकल्पाची जनसुनावणी खाडीकाठी गुरुवारी होती, म्हणजे आमच्याकडे कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार. भोसरीपासून निघोज्यापर्यंतच्या भाड्याच्या खोल्यांतले कोकणी लोक एका बसमध्ये कोंबून आम्ही निघालो. अशा सभांवर माझा विश्वास नाही. निर्णय आधी होतो आणि मांडव मागाहून पडतो. पुष्पगुच्छ झाले, दीपप्रज्वलन झालं. मग पडद्यावर एक समुद्र दाखवला गेला. तो मांडवामागच्या खऱ्या समुद्रापेक्षा बराच निळा होता.

शेजाऱ्यांची पाळी आली. त्यांनी माइक घेतला, व्यासपीठाकडे पाठ केली, खाडीकडे तोंड करून हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं सरळ गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां आज तुझ्या खाडयेच्या काठार जमली आसत, तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा मांडव एका आवाजात म्हणाला. गाऱ्हाण्याला असंच म्हणायचं असतं.

"हे खुर्च्येर बसलेले पावणे, तेंच्या पोराबाळांका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंची बदली बऱ्या जाग्यार होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हंय त्याल आणूची जी बुद्धी तेंका झाली, ती फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यावेळी एक आवाज लाउडस्पीकरमधून आला. सुनावणीचे अध्यक्ष समोरच्या चालू माइकपुढे डोळे मिटून, हात जोडून बसले होते. लहानपणी कधीतरी कुठल्याशा देवळात आजोबांचं बोट धरून उभे राहिले असणार. डोळे उघडल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि ते घाईघाईने पाणी प्यायले. कोणीच हसलं नाही. माझ्या बाजूला घरमालक समुद्राकडे बघत होते. "आमचं शिवार कंपन्यांत गेलं," ते हळूच म्हणाले, "तवा असं कुनी बोललंच न्हाई वो."

निर्णय अजून आलेला नाही. प्रकल्पाच्या मोजणीवाल्यांनी रोवलेले लाल दगड किनाऱ्यावर तसेच आहेत. त्यातल्या एकावर त्यांची म्हातारी आई कालवांची टोपली टेकवते, असं शेजारी सांगतात. यंदा कॅनमधलं पाणी ते फार जपून ठेवतात. काल टपरीवर त्यांनी पुन्हा हात वर केला. चाकणकडे जाणारे ट्रक हॉर्न वाजवत होते. ते पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "लागली भरती. दर वर्साक अशीच लागांदे रे म्हाराजा."

आसपास त्यांच्या गावचं कोणीच नव्हतं. मग मीच म्हणालो, "व्हय म्हाराजा."