बाईंच्या आवाजातली हाक

परमुआत काका वीस वर्षं सेरेंगेटीत सफारीची गाडी चालवतो. त्याची नक्कल एकदम सोपी. मान पुढे, आवाज नाकातून: "मंडळी, सिंहाची घाई नको. तो सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा पडूनच असतो. आधी गॅझेल हरणं बघा!" कळप दिसला की तो गाडी थांबवणारच. शाळेला सुट्टी असली की पुढच्या सीटवर मी. तरसाचं हसणं काढून दाखवते, पाहुणे खूश.

काकाचा नियम एकच. गवतात पाडस लपलं असेल तर तिकडे बघायचं नाही. "आई बघते का? तोंड फिरवून चरते. मग आपण कोण टकमक बघणारे?"

दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी तापाने गेली. आम्हा मसाईंत गेलेल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. माझं नावही तेच होतं, म्हणून त्याच आठवड्यात आजीने माझं नाव बदलून नाइसुला ठेवलं. ते जुनं नाव आता कुणाचंच नाही.

फेब्रुवारीत ग्रेटेबाई सफारीला आल्या. पाच वर्षांपूर्वीही आल्या होत्या. तेव्हा पार्कच्या फाटकाशी मण्यांच्या माळा विकणारी काकाची छोटी त्यांना फार आवडली होती. ती गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. गवतातलं पाडस नेमकं त्यांनाच दिसलं. गाडीच्या उघड्या छतातून अर्ध्या बाहेर येत त्या ओरडल्या, "पार्मूऽआत! हिचे डोळे बघ! अगदी तुझ्या छोटीचे!" आणि टाळ्या वाजवत पाडसाला हाक मारली. तेच नाव घेऊन.

मी चटकन मान वर केली. पाडसानेही.

मग ते उठून उभं राहिलं. वारुळामागे चित्ता होता. काकाचा हात हॉर्नवर गेला आणि तिथेच राहिला. शिकारीत लुडबुड केली की परवाना जातो. बाईंनी डोळे मिटून घेतले. काकाने नाही.

तेव्हापासून तो रोज त्या जागी इंजिन बंद करतो. पाहुण्यांनी विचारलंच तर म्हणतो, "इथे काही नाही."

परवा पाहुण्यांना विमानतळावर सोडून आम्ही परतत होतो. त्याच जागी काका म्हणाला, "नाइसुला, त्या बाईची नक्कल कर ना."

"कुठली? डोक्यावरचा चष्मा शोधतानाची?"

"हाक मारतानाची."

मी हसायचीच थांबले.

"मला घेता येत नाही ते नाव," तो म्हणाला. "तुलाही नाही. पण ती बाई घेऊ शकते की."

मी घसा खाकरला, टाळ्या वाजवल्या. "पार्मूऽआत! हिचे डोळे बघ!" हुबेहूब बाई. काकाने श्वास रोखून धरला होता. मी नाव घेतलं.

सुरुवात बाईंच्या आवाजात झाली. शेवटचं अक्षर मात्र बारीक निघालं, फाटकाशी माळा विकताना छोटीचं निघायचं तसं. ती नक्कल मी कधीच केलेली नाही.

मागच्या सीटवर काहीतरी हललं. मी वळणार, तोच काकाने माझा हात धरला. तो समोरच बघत होता.

"बघू नकोस," तो हळूच म्हणाला.