दिवाकरवर केलेला प्रयोग

सात महिने तंबाखूचा खर्रा सोडलेल्या माणसाच्या नाकापुढे मी खर्र्याची पुडी उघडून धरली होती, आणि तीही भरल्या वर्गात. ही कबुली आधी देतो, कारण दिवाकर गेल्यापासून लोक "तुमचा जिवलग गेला" म्हणून मला धीर देतात आणि मी तो निमूट घेत आलो. त्याच्या जाण्याची बातमी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. "आपला प्रयोगमामा गेला," एवढंच. खाली हात जोडलेली चित्रं. ते नाव त्याला माझ्यामुळे पडलं.

आर्वीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे हिंगणघाटच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवू लागलो, आणि तो तिथेच प्रयोगशाळेत परिचर लागला. कॉलेजात तो मला "सर" म्हणायचा, गेटबाहेर "अबे". गालात सदा खर्रा. "मजा येते म्हणून खातोस," मी डिवचायचो. "मजा तं कवाचीच गेली बे," तो म्हणायचा. "चौकातल्या पानठेल्यावर पन्नीत सुपारी-तंबाखू घोटल्याचा आवाज आला का हात आपोआप उठते."

त्याने पुस्तकापेक्षा नेमकं सांगितलं होतं, हे मला वाचताना कळलं. मेंदूत ग्लुटामेट बातमी पोचवतं: हा आवाज, हा वास, हा चौक. त्यातली कोणती बातमी जोरात वाजावी आणि कोणती दबावी, यात डोपामिनचा हात असतो. तंबाखूमुळे डोपामिन वर्षानुवर्षं उसळत राहिलं की ठरावीक बातम्यांची वाट पक्की होते. मजा संपते, वाट राहते. खाणं सोडल्यावरही नुसत्या वासाने ग्लुटामेट त्याच वाटेने धावतं आणि तलफ येते. बारावीच्या वर्गात मी हेच रंगवून सांगत होतो. सकाळी एका पोराकडून जप्त केलेली पुडी खणात होती... आणि दिवाकर स्लाइडचा ट्रे घेऊन आत आला.

"दिवाकर, इकडे ये. काय होऊन राह्यलं डोक्यात? सांग पोरांना."

"सर, ठेवून द्या ते."

त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, तो ते सारखं गिळत होता. मी तेही बोट करून वर्गाला दाखवलं. वर्ग खदखदून हसला. माझा तास रंगला होता, आणि त्या दिवसापासून पोरं दिवाकरला प्रयोगमामा म्हणू लागली.

सुट्टीनंतर त्याने मला गेटबाहेर गाठलं. "मी काय तुया ट्रेतला बेडूक हाव? सात महिने चौक टाळून नदीकडून घरी गेलो मी. काऊन केलं बे असं?"

"मजाक होता रे. एवढ्यानं डगमगतोस, तर सोडलं काय मग तू?"

हे वाक्य पुडीपेक्षा वाईट होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा गाल पुन्हा फुगलेला होता. मी पाहिलं, आणि हजेरीपटात मान घातली. दोन वर्षांनी जबड्याचा कॅन्सर निघाला. "हे आधीच्या वीस वर्षांचंही असेल," डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याच्या आड मी पुष्कळ दिवस लपलो. दवाखान्यात दोनदा गेलो, दोन्ही वेळा हवापाण्याचं बोललो. दुसऱ्या वेळी त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेरवीला त्याच्या बायकोने, शोभावहिनींनी, मला अंगणातच अडवलं. एरवी भाऊजी म्हणणारी ती बाई त्या दिवशी मला सर म्हणाली.

"वहिनी, माझं चुकलं..." मी हळूच म्हणालो.

"कानात नोका सांगू, सर. तुमच्या पोराईनं काय लिवलं ते पाह्यलं मी. प्रयोगमामा! मेल्यावरही त्याईचं नाव राहू नाई दिलं तुम्ही. पोराईसमोर उभं केलं होतं ना त्याईले? मंग माफी बी पोराईसमोरच मांगा. पेपरात लिहिता म्हणे, तं तिथंबी लिहा. आन् मोठमोठे शब्द नोका घालू."

जेवून जा, असंही न म्हणता ती आत गेली. मीही थांबलो नाही.

ती मुलं आता नागपूर-पुण्याला पांगली आहेत. ग्रुपवर काल टाकलं तेच इथे लिहितो. मुलांनो, त्या दिवशी तुम्ही ज्याला हसलात त्याचं नाव दिवाकर. तो दुबळा नव्हता. सात महिने तो स्वतःच्या मेंदूशी झगडत होता, आणि सगळं ठाऊक असून मी त्याला पाडलं. हसायला तुम्हाला मी शिकवलं. चूक माझी आहे. मी त्याची माफी मागतो.